सोमवारपर्यंत थांबा

"अहवाल सोमवारी पाठवा," आरोग्य खात्याचे सहसचिव बोरवणकर फोनवर म्हणाले. "उद्या शेजारी देशाशी करार आहे. साथीचं कळलं, तर ते सीमा बंद करतील."

"सर, तोवर हजारो माणसं पलीकडे जातील," प्रयोगशाळाप्रमुख डॉ. हेमांगी टिळेकर म्हणाल्या. सीमेवरच्या गावातल्या सातही रुग्णांत नवा विषाणू सापडला होता.

"मग नोकरीचा विचार करा."

फोन ठेवून हेमांगीबाईंनी अहवाल जागतिक आरोग्य संघटनेला पाठवला.

संध्याकाळी सीमा बंद झाली, करार बारगळला. चौथ्या दिवशी त्यांना निलंबनाचा आदेश मिळाला. त्याच दुपारी पलीकडच्या आरोग्य अधिकाऱ्याचा फोन आला.

"तुमच्यामुळे आमचे लोक वाचले. तुमच्या गावासाठी औषधांचे ट्रक सीमेवर तुमच्या बंद फाटकापाशी उभे आहेत."

हेमांगीबाईंनी बोरवणकरांना तेवढंच कळवलं.

"फाटक उघडायला सांगतो," ते म्हणाले.