सूर्यनारायणाच्या भरवशावर

"वासंतीकाकू, आपली सोसायटी नेट झिरो झाली! वर्षभर जेवढी वीज लागते, तेवढी आता आपल्याच गच्चीवर तयार होणार. जनरेटरसुद्धा विकून टाकला," वर्तकनगरच्या त्या इमारतीचा सेक्रेटरी सलिल पेढे वाटत म्हणाला.

वासंतीबाईंचे यजमान हरिहरराव यांचा श्वास घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनवर चालायचा. ते पलंगावरून हसले. "ऐकलंस का गं? साक्षात सूर्यनारायण माझा श्वास सांभाळणार! मग लाईट गेली तर म्हणून ठेवलेला तो ऑक्सिजनचा जादाचा सिलिंडर कशाला अडवून ठेवायचा? दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाचेल." वासंतीबाईंनी सिलिंडरला हात जोडले आणि तो परत पाठवून दिला.

मे महिन्यातल्या एका घामट दुपारी सगळ्या वर्तकनगरची लाईट गेली, आणि मशीनची घरघर थांबली. हरिहररावांचे ओठ निळे पडायला लागले. "पांडुरंगा, धाव रे!" म्हणत वासंतीबाई अनवाणीच सलिलच्या दारात गेल्या.

"अरे, वर एवढं ऊन तापलंय, मग आपली वीज गेली कुठे?"

सलिलने आधी अँब्युलन्स बोलावली, पण ती माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेली. मग त्याने सोलरवाल्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडचा आवाज अगदी निवांत होता.



"काळजी करू नका सर, सिस्टीम एकदम ओके आहे. बाहेरची लाईट गेली की सुरक्षेसाठी ती स्वतःहून बंद होते. बाहेरची लाईट आली की तुमचं सोलर आपोआप चालू होईल."