अठरा लाखांचं रिटर्न

"उत्पन्न अठरा लाख दाखवा," ब्लेझरवरची हिऱ्याची पिन सारखी करत तो म्हणाला.

करसल्लागार कुंदाताईंनी चष्मा कपाळावर सारला. पंचवीस वर्षांत लोक त्यांच्याकडे उत्पन्न लपवायला आले होते. वाढवून मागणारा हा पहिलाच. साबण-शाम्पूच्या साखळी-विक्रीत त्याला वर्षभरात कमिशन मिळालं होतं एक्केचाळीस हजार. आणि त्याच्याच बिलांवरून दिसत होतं, त्यातले तीस हजार स्वतःचा साबण स्वतःच विकत घेण्यात गेले होते.

"एवढ्या साबणाने लाजही धुऊन निघालेली दिसते," त्या म्हणाल्या.

"मॅडम, कर भरायला मी तयार आहे. स्टेजवरून मोठ्ठं रिटर्न दाखवलं की लोक नोकऱ्या सोडून येतात."

कुंदाताईंनी फाइल त्याच्याकडे भिरकावली. "असलं रिटर्न मी भरत नसते. आणि तुमचं ऐकून नोकरी सोडणारी गाढवं कुठे मिळतात, तेही एकदा बघायचंय मला."

फाइल उचलताना तो पहिल्यांदाच ओशाळला.

"तुमच्या मिस्टरांनीच तुमचं नाव सुचवलं, मॅडम. परवा राजीनामा दिला त्यांनी. माझा खरा आकडा त्यांना सांगू नका."