पुढच्या वर्षी लवकर या

"लिहू दे त्याला. आज सोडत नाही!" बाबा मोबाइल सरसावून बसले होते. माझी बॅग अजून दारातच होती.

चंद्रावर जाणाऱ्या आमच्या रॉकेटची चाचणी लांबली, की एक खवचट माणूस फेसबुकवर बातमीखाली लिहायचा, "पुढच्या वर्षी लवकर या!" वर, "त्या पैशात तालुक्याला दवाखाना झाला असता." बाबा त्याच्यावर तुटून पडायचे, "इंजिन माझी मुलगी बनवतेय. तुम्ही काय दिवे लावलेत?"

काल सरकारने निधीच बंद केला आणि माझं काम सुटलं. "निर्णय फिरवतील गं," बाबा म्हणत राहिले.

मोबाइल वाजला. बाबांनी वाचलं, चष्मा काढला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

त्याने लिहिलं होतं, "काका, वाईट झालं. ताईंना जपा."

"म्हणजे खरंच संपलं," बाबा म्हणाले.