उतरायची परवानगी

किनारा जवळ आला तशी मी सवयीने होडीत उभी राहिले आणि ओरडले, "आम्ही स्क्वामिश लोक! दमून आलोय. उतरू का?"

कॅनडाच्या या किनाऱ्यावरच्या आम्हा आदिवासींमध्ये विचारल्याशिवाय कुठल्याही गावाला होडी लावत नाहीत. पण समोर आता गाव नव्हतंच. पुलाखालच्या हिरवळीवर कुत्र्याला फिरवणारा एक माणूस तेवढा आमच्याकडे बघत राहिला.

"अगं बयो, आपल्याच गावात परवानगी कसली मागतेस?" मागून फिलोमिना मावशी कडाडली. तिची आई याच काठावर जन्मली होती. आई लहान असतानाच सरकारी माणसांनी सगळ्यांना तराफ्यावर चढवलं आणि मागे घरं पेटवून दिली.

मी ओशाळून खाली बसले. मावशीचा आवाज मात्र उतरला. "आईपण दर उन्हाळ्यात वल्हवत इथवर यायची. 'या' म्हणणारं कुणी नाही, म्हणून न उतरताच परत फिरायची."

मग काय मनात आलं कोण जाणे, म्हातारीने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरली आणि एकटीच काठावर गेली. आमच्याकडे वळून तिने आमच्यात यजमान पाहुण्यांच्या स्वागताला धरतात तसे दोन्ही हात वर धरले.

"या गं पोरींनो! साल्मन भाजायला ठेवलाय."

मासा कुठला नि काय! पण आम्ही हसत, डोळे पुसत उतरलो. होडी वाळूवर ओढून घेतली.

मावशीचे हात अजून वरच होते. ती आमच्या पलीकडे, रिकाम्या पाण्याकडे बघत होती.

"ये ना गं आई," ती म्हणाली, "आता उतर."