सासूबाईंची गोधडी

हात थरथरू लागल्यापासून सासूबाईंना कात्री धरवेना. मग सुनेने गोधडीचे तुकडे कापायचं यंत्र आणलं, तेही मुद्दाम हाताने फिरवायचं. साच्यावर कापडाचे थर ठेवून दांडा फिरवला की एकसारखे चौकोन निघत.

"आई, तुमच्याच कपड्यांची गोधडी करू या, खास तुमच्यासाठी!"

एरवी धड न बोलणारी सून इतकं गोड बोलली आणि सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी ठेवणीतले कपडेसुद्धा काढून दिले, दांडाही स्वतःच फिरवला. कपाट रिकामं झाल्यावर त्या हसत म्हणाल्या, "अगं, सगळेच कापले की आपण! आता मी घालू काय?"

 

"वृद्धाश्रमात गणवेश देतात, आई. पांघरूण तेवढं घरून न्यावं लागतं."