आवाजाचं इंजिन

मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुवर्णानं विचारलं, "नदीत जाळी आम्ही बायका टाकतो, मग आम्हाला मेंबर का करत न्हाई?"

चेअरमन आप्पा गुरकावले, "बाईमाणसानं हितं आवाज करायचा न्हाई!"

दुसऱ्याच दिवशी ती होडीला इंजिन घ्यायला दौंडच्या दुकानात गेली.

"टू-स्ट्रोक हलकं हाय ताई, पण पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, वर धूर आन् फटफट लई," दुकानदार म्हणाला. "फोर-स्ट्रोक जड, पण पेट्रोल कमी खातं. आवाज तर इतका कमी, की काठावर झोपलेल्या माणसालाबी जाग यायची न्हाई."

सुवर्णानं पदर खोचला.



"टू-स्ट्रोकच द्या दादा. आमच्या चेअरमनचं घर काठालाच हाय, आन् मी रोज पहाटं निघते."