गच्चीवरचा पहारा

गच्चीवर एक सोलर पॅनेल होतं. चार घड्यांचं, उघडल्यावर वर्तमानपत्राच्या पानाएवढं. एक केबल. केबलवर अंगठ्याएवढा मीटर, किती करंट येतोय ते दाखवणारा. एक फोन, पूर्ण उतरलेला. आणि एक पहार, गवंड्याच्या हातात.

सकाळपर्यंत पॅनेलं दोन होती. वीज जाऊन नऊ दिवस झाले होते, टॉवर तेवढा चालू होता. दोघंजण जिना चढून आले, "बघू तरी द्या" म्हणाले आणि एक पॅनेल उचलून पळाले. गवंड्याचा धाकटा भाऊ आडवा आला, त्याच्या पोटात चाकू खुपसून गेले. धाकटा आता खालच्या मजल्यावर सतरंजीवर पडला होता. त्याची बायको एका हाताने जखमेवर चादर दाबत होती, दुसऱ्याने नाडी मोजत होती. रस्त्यावर गाड्या जळत होत्या. फोन लागला तरच रुग्णवाहिका येणार होती.

"नाडी एकशे बारा," जिन्यातून तिचा आवाज आला. "भाऊजी, झाला का सुरू?"

"होईल."

मीटरवर ०.०३ होतं. अर्धा तास तेवढंच. गवंडी जागचा हलला नव्हता. डोळ्यांत ऊन नको म्हणून सूर्याकडे पाठ, पाय फाकवलेले, समोरच्या पॅनेलला अगदी खेटून.

तळमजल्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला वर आला. त्याने मीटर वाचला. मग पॅनेलकडे पाहिलं.

"मिस्त्री, जरा बाजूला व्हा."

"का रे? दुकान फुटलं म्हणून आता इथे धंदा मांडतोस?"

"व्हा तर दोन पावलं. दाखवतो." तो वाकला आणि त्याने पॅनेलची कड धरली.

"सकाळचेही असेच गोड बोलत होते."

पहार मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज दोघांनाही आला. दुरुस्तीवाल्याने काही सांगायला तोंड उघडलं, तोवर दुसरा घाव जबड्यावर आला. दोन दात सिमेंटवर पडले. तरी तो पळाला नाही. उरलेल्या हाताने गवंड्याची पँट धरून त्याला मागे ओढू लागला. गवंड्याला वाटलं, हा आपल्याला पाडतोय. तिसरा घाव बरगड्यांवर. चौथाही तिथेच.

"एकशे चव्वेचाळीस," खालून आवाज आला. त्यानंतर आकडा आला नाही.

गवंड्याने त्याला कॉलरला धरून गच्चीभर फरपटत नेलं आणि जिन्यावरून ढकलून दिलं. सात पायऱ्या. खाली तो हलला नाही.

त्याच्या शेजारी धाकट्याची बायको उभी होती. दोन्ही हात मोकळे, कोपरापर्यंत लाल.

"राहू द्या आता, भाऊजी," ती म्हणाली. "नाडी लागत नाही."

गवंडी दारातच उभा राहिला. मागे गच्ची रिकामी होती. पॅनेलवर आता कुणाचीच सावली नव्हती. मीटरवर १.४२.